सिरिलची राखण

कागद हातात पडताच लुबोशने तो आधी उलटा करून पाहिला, मागेही काही लिहिलंय की काय म्हणून. लिहिलं होतं. पुढे नऊ कलमं, मागे पाच, आणि खाली कोपऱ्यात तळ्याचा नकाशा, बाणांसकट.

"दाजी," तो म्हणाला, "तुमच्या खुब्याच्या ऑपरेशनला तरी एवढ्या सूचना आहेत का हो?"

"खुबा डॉक्टरांच्या हातात आहे, त्याची मला काळजी नाही," ओटाकर म्हणाला. "तळं तुझ्या हातात आहे, म्हणून लिहावं लागलं."

ओटाकर म्हणजे लुबोशच्या थोरल्या बहिणीचा, यार्मिलाचा नवरा. कामेनिच्काच्या चौकातलं कारंजं त्याने एकतीस वर्षं सांभाळलं. ऑक्टोबर लागला की नळ्या रिकाम्या करायच्या, दगडी देवदूताभोवती फळ्यांचं खोपटं उभारायचं, एप्रिलात ते उतरवायचं. निवृत्त झाल्यावर हात शिवशिवायला लागले म्हणून त्याने घरामागे स्वतःचंच तळं खणलं आणि मधोमध वीतभर उंचीचं कारंजं बसवलं. लुबोशचं कामही त्याच चौकातलं, त्याच कारंज्याशेजारचं, पण जरा वेगळं. नाताळ चार दिवसांवर आला की तिथे मासेवाल्यांच्या निळ्या टाक्या लागत आणि टाक्यांमागे लाकडी मोगरी घेऊन लुबोश उभा राही. नाताळच्या आदल्या संध्याकाळी तळलेला कार्प मासा आणि बटाट्याचं सॅलड नाही, असं घर त्या गावात सापडायचं नाही. कोणी मासा जिवंत नेऊन दोन दिवस आंघोळीच्या टबात ठेवी. बाकीचे लुबोशपुढे रांग लावत. एक फटका, एक चीर, पुडकं हातात, पुढचा! चाळीस नाताळांत एकाही माशाला दुसरा फटका द्यावा लागला नाही, असं तो छाती काढून सांगे, आणि ते खरं होतं.

सात वर्षांपूर्वी ओटाकरनेही असाच एक कार्प जिवंत घरी नेला होता. तिसऱ्या दिवशी तो मोगरी घेऊन न्हाणीघरात गेला आणि तासाभराने, मोगरी कोरडीच्या कोरडी, बाहेर आला. "तो माझ्याकडे बघतो," एवढंच म्हणाला. मग स्वारीने बादलीतून मासा मागच्या तळ्यात सोडला आणि त्याचं नाव ठेवलं सिरिल. त्या दिवसापासून लुबोशला जन्माचं खाद्य मिळालं. पत्ते खेळताना विचारायचा, "सिरिल नाही का आला भिडू म्हणून?" निवडणूक आली की विचारायचा, "सिरिलचं मत कोणाला?" ओटाकर बिचारा ऐकून घ्यायचा. फार झालं तर म्हणायचा, "तुला नाही कळायचं. त्याला चेहरा आहे."

"चेहरा! एक लाख कार्प पाहिलेत मी, दाजी. एकाच साच्यातले सगळे. तुमचा सिरिल त्यांच्यात सोडला ना, तर तुम्हालाच ओळखू यायचा नाही."

आणि आता त्याच सिरिलचा हिवाळा या माणसाच्या गळ्यात.

"गावात दुसरं कोणी मिळालं नाही का?" लुबोशने बहिणीला विचारलं.

"कार्पातलं तुझ्याएवढं कोणाला कळतं?"

"ताई, मला त्यांना मारायचं कळतं."

"मग त्याच्या उलट कर," यार्मिला म्हणाली. पण फाटकापर्यंत सोडायला आली तेव्हा तिचा आवाज खाली गेला. "हे बघ, थट्टा पुरे. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन आम्ही करू, पण उठून चालायचं ते यांनीच. मनावर घेतलं नाही तर खुर्चीतच बसतील कायमचे. यांनी मला सांगितलंय, नाताळला मी तळ्यापर्यंत चालत जाणार. माझ्यापर्यंत म्हणाले नाहीत, तळ्यापर्यंत. तेव्हा त्या माशाला काही झालं तर तू मला तोंड दाखवू नकोस."

हे काही थट्टेत निघालं नाही. लुबोश घरी गेला आणि चष्मा लावून चौदा कलमं वाचायला बसला.

पहिल्या कलमाप्रमाणे तळ्यावर जाळं अंथरायचं होतं, अक्रोडाची पानं पाण्यात पडून कुजू नयेत म्हणून. ते सोपं होतं. दुसऱ्यात कमळाची पानं देठाशी कापायची, पण मुळांना हात लावायचा नाही. तिसऱ्यात गाळ काढायचा, "पण सगळा नाही, तळाशी वीतभर राहू दे, त्यात झोपणारे पुष्कळ आहेत." लुबोश गुडघ्यापर्यंतचे बूट घालून तळ्यात उतरला आणि झोपणाऱ्यांची क्षमा मागत गाळ उपसू लागला. कुंपणापलीकडून शेजारीण श्रीमती व्होंद्राच्कोवा बघत होती. तिचं काम तेवढंच असे.

"लुबोश, मासा पळाला का रे तुला बघून?"

"नाही हो, तोंड फिरवून बसलाय."

"बसणारच. तुझ्या हाताला त्याच्या आत्या-काकांचा वास येत असेल ना."

मग कारंज्याचा पंप काढायचा, धुवायचा, आणि तळघरात पाणी भरलेल्या बादलीत बुडवून ठेवायचा, म्हणजे आतलं रबर वाळत नाही. नळीतला पाण्याचा थेंबन् थेंब फुंकून बाहेर काढायचा, नाहीतर गोठून नळी फुटते. लुबोश नळी तोंडाला लावून इतकं फुंकत होता की यार्मिलाला खिडकीतून वाटलं, हा रणशिंग वाजवतोय. सातवं कलम खाण्याचं होतं. पाणी दहा अंशांच्या खाली गेलं की मासा कितीही तोंड वर काढो, दाणा टाकायचा नाही. थंडीत त्याचं पोट काम करत नाही, खाल्लेलं आतच सडतं.

आणि सिरिल तोंड वर काढायचा! नोव्हेंबरच्या मरगळलेल्या दुपारी काठावर पाऊल वाजलं की तळातून एक काळपट सावली हळूहळू वर यायची, डाव्या बाजूची मिशी तुटलेली, पाठीवर खवल्यांची एकच मोठी ओळ, आणि आधी उजव्या डोळ्याने बघायची, मग वळून डाव्याने. लुबोश थर्मामीटर पाण्यात धरायचा.

"नऊ अंश," तो सांगायचा. "मला विचारू नकोस, कलम सात आहे. दाजींकडे तक्रार कर."

आपण माशाशी बोलतोय हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा त्याने चटकन कुंपणाकडे पाहिलं. श्रीमती व्होंद्राच्कोवा होतीच.

"मी काही ऐकलं नाही," ती म्हणाली. संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं होतं.

ओटाकरचं ऑपरेशन झालं, मग त्याला डोंगरातल्या आरोग्यधामात नेलं. तिथून रोज संध्याकाळी सहाला फोन यायचा. यार्मिलाशी दोन वाक्यं, मग "लुबोशला दे."

"काय म्हणतोय?"

"बरा आहे. तळाशी गेलाय."

"आज मी जिन्यापर्यंत गेलो."

"तो आज जागचा हलला नाही. तुम्ही त्याच्या पुढे आहात, दाजी."

ओटाकर हसायचा, आणि दुसऱ्या दिवशी जिन्याच्या पाच पायऱ्या चढायचा. यार्मिला हे सगळं स्वयंपाकघराच्या दारातून ऐकत असे. हळूहळू भावाच्या कॉफीबरोबर केकचा तुकडा मोठा येऊ लागला.

डिसेंबर अर्धा झाला आणि थंडीने दात दाखवले. तळ्यावर बर्फाचं झाकण बसलं. त्यासाठी आठवं कलम होतं: लव्हाळ्याची जाड जुडी पाण्यात उभी रोवायची, म्हणजे काड्यांच्या पोकळीतून हवा आत जाते, घाण वायू बाहेर येतो. आणि नववं कलम, दोनदा अधोरेखित केलेलं: "बर्फावर घाव घालायचा नाही. दणका पाण्यातून माशाच्या डोक्यात जातो. कढत पाण्याचं पातेलं बर्फावर ठेवायचं आणि वाट बघायची." लुबोशने पाच दिवस इमानेइतबारे पातेलं ठेवलं, वाट बघितली, गारठून नाक लाल करून घेतलं.

सहाव्या सकाळी त्याला उशीर झाला. वीस तारीख होती, चौकात टाक्या लागायच्या होत्या, मासेवाल्यांचा ट्रक निघाल्याचा फोन येऊन गेला होता. जुडीभोवतीचं भोक रात्रीतून मिटलं होतं. पातेलं उकळायला वेळ लागणार, ठेवून वितळायला आणखी अर्धा तास. आणि कामावर निघालेल्या लुबोशच्या हातात होती मोगरी. चाळीस वर्षांची सवय हो! डोक्याने नाही म्हणायच्या आत हाताने एक फटका दिला. नेहमीसारखा, एकच.

बर्फाची लादी तडकली आणि तिरकी झाली. ती सरळ करायला त्याने भिंतीशी उभी असलेली पहार घातली, पहार निसटली आणि बर्फाखाली कुठेतरी कच्चकन रुतली. लुबोशने तो आवाज ऐकला, "दगड असेल" असं स्वतःला सांगितलं, आणि चौकाकडे पळाला.

तो दगड नव्हता. तळ्याच्या अस्तराचं रबरी कापड होतं. दुपारी जेवायला परत आला तेव्हा पाणी हातभर खाली गेलं होतं आणि वर बर्फाचं झाकण अधांतरी टांगलेलं. खाली, उरलेल्या पाण्यात, सिरिल एका कुशीवर कलला होता.

 खोटं कशाला बोला, लुबोशला आधी मासा आठवलाच नाही, आठवला तो दाजींचा जिना. पाच पायऱ्या, मग नऊ, काल अख्खा मजला.

तो कपड्यांनिशी तळ्यात उतरला, सिरिलला कवटाळून वर काढलं आणि कपडे धुवायच्या टबात घातलं. मासा सरळ झाला, कल्ले हलू लागले. पण ठेवायचा कुठे? यार्मिलाकडचा आंघोळीचा टब ऑक्टोबरातच काढून टाकला होता, ओटाकरला पाय उचलून आत जाता येणार नाही म्हणून. लुबोशच्या स्वतःच्या घरी शॉवरच होता.

"चौकात नेतो," तो म्हणाला. "वाहतं पाणी, हवेचा पंप, आणि दिवसभर मी शेजारी उभा. याहून सुरक्षित जागा पृथ्वीवर आहे का?"

"लुबोश," यार्मिला म्हणाली, "तू मासा वाचवायला खाटकाच्या दुकानात घेऊन चाललायस."

"खाटीक मीच आहे ना!"

"त्याचीच तर भीती आहे."

पण दुसरा उपायही नव्हता. स्टॉलवर कोपऱ्यात सर्वांत लहान टाकी होती. सिरिल तिच्यात एकटा, वर जाळी, जाळीवर विटा. वजनकाट्यावर बसणाऱ्या ब्लांकाला लुबोशने तीनदा बजावलं, हा विकायचा नाही. ब्लांका वीस वर्षं त्याच्याबरोबर काम करत होती, तिने डोळे फिरवले.

"कोणाचा आहे?"

"दाजींचा."

"अगबाई, तो का सिरिल? या, या, नमस्कार!" ती टाकीकडे बघून म्हणाली. दोन दिवस तिने त्याची भरपूर फिरकी घेतली. गिऱ्हाइकांना सांगायची, तिकडे मालकांचे पाहुणे उतरलेत, हळू बोला.

बावीस तारखेला दुपारी गर्दी इतकी झाली की लुबोशला पाणी प्यायला उसंत नव्हती. अडीचला तो पाच मिनिटं आडोशाला गेला, परत येताना गरम वाइनचा पेला घेतला. आला तेव्हा लहान टाकीवर जाळी नव्हती. विटा खाली रचून ठेवलेल्या. टाकीत पाणी तेवढं.

ब्लांकाही तेव्हा नेमकी सुटे आणायला शेजारच्या दुकानात गेलेली. काट्यावर मासेवाल्यांनी पाठवलेली नवी बाई होती, सकाळीच आलेली. तिला कोणी काही सांगितलंच नव्हतं.

"एक माणूस मोठाच मासा हवा म्हणत होता," ती म्हणाली. "घरात खाणारी सात माणसं आहेत म्हणे. इकडे हा एवढा मोठा एकटाच दिसला, दिला. जिवंतच नेला त्याने, घसरगाडीवर टब ठेवून."

"कसा होता?"

"चांगला, चार किलोच्या वर."

"मासा नाही हो, माणूस!"

"हिरवी टोपी. स्टेशनकडच्या इमारतींत राहतो म्हणाला."

लुबोशने ॲप्रन सोडला नाही, बूट बदलले नाहीत. मोगरी कमरेला तशीच लटकत होती. तो निघाला.

स्टेशनकडे तीन इमारती होत्या, प्रत्येकी चार मजले. त्याने पहिल्या दाराची घंटा वाजवली. दार उघडणाऱ्या बाईने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि दोन्ही हात जोडून आत नवऱ्याला हाक दिली.

"देव पावला! वाक्लाव, अरे हे घरी येऊन करून देतात! या, या, न्हाणीघरात आहे. आमच्याकडे कोणाची छाती होत नाही हो."

"मी त्यासाठी नाही..."

पण तोवर त्याला आत ओढलं होतं. टबात मासा होता, सिरिल नव्हता. बाई इतक्या आशेने बघत होती की लुबोशने ते काम केलं. एक फटका. फक्त, तो खाली वाकला तेव्हा माशाने डोळा फिरवला, आणि लुबोशला वाटलं, याचा खालचा ओठ जरा पुढे आहे, आपल्या शाळेतल्या गणिताच्या मास्तरांसारखा. असलं काही त्याला आजवर वाटलं नव्हतं. त्याने ॲप्रनला हात पुसले आणि पुढचं दार वाजवलं.

बातमी जिन्यात त्याच्या पुढे धावली. मजल्यामजल्यावर दारं उघडून माणसं उभी. "आमच्याकडेही याल ना?" "आधी आम्ही, आमच्याकडे पोरांना अंघोळ घालायचीय!" एका घरात मासा टबात आणि वर दोरीवर मोजे वाळत घातलेले. एका घरात आजोबांनी टबाशेजारी खुर्ची टाकली होती, माशाला वर्तमानपत्र वाचून दाखवत होते, आणि लुबोशला बघताच त्यांनी दाराला आतून कडी घातली. लुबोश प्रत्येक टबावर वाकायचा, बघायचा, "हा नाही" म्हणायचा.

"हा नाही म्हणजे? काय वाईट आहे आमच्या माशात?"

"वाईट नाही हो, चांगलाच आहे. याच्या शेपटीला वरून एक खाच आहे. तसा देखणा आहे. पण हा नाही."

"मग मारणार ना?"

"मनगट दुखतंय," लुबोश म्हणायचा आणि पळायचा. मनगट ठणठणीत होतं.

दुसऱ्या इमारतीच्या दाराशी त्याला घसरगाडी दिसली, बर्फावर चाकोरी ताजी. तिसरा मजला. दारावर हिरवी टोपी टांगलेली. आतून कढत तेलाचा वास येत होता. हिरव्या टोपीवाल्यानेच दार उघडलं. न्हाणीघरात एक तगडी म्हातारी बाह्या सरसावून उभी होती, हातात पोळी लाटायचं लाटणं. टबात सिरिल. डाव्या बाजूची मिशी तुटलेली. त्याने आधी उजव्या डोळ्याने पाहिलं, मग वळून डाव्याने.

म्हातारीने लाटणं उचललं.

"थांबा!" लुबोश इतक्या जोरात ओरडला की म्हातारीच्या हातून लाटणं टबात पडलं. "त्याला हात लावू नका! तो... तो आमच्या दाजींचा आहे!"

घरातली सातही माणसं न्हाणीघराच्या दारात गोळा झाली.

"अहो, तुम्ही तो मोगरीवाले ना, चौकातले?" हिरव्या टोपीवाल्याने विचारलं.

"हो."

"आणि मासा मारू नका म्हणता?"

"हो."

"प्यायलायत का?"

"पेला हातात घेतला होता, तो तसाच राहिला," लुबोश म्हणाला, आणि टबाशेजारी मटकन बसला. मग त्याने सगळं सांगितलं. खुबा, चौदा कलमं, नववं कलम, पहार, जिना. कसलीही लपवाछपवी केली नाही. सकाळी दोन कार्प, साफ करून, तुकडे करून, स्वतः घरपोच आणून देईन म्हणाला.

म्हातारीला ते पटेना. "अहो पण कशावरून हाच? कार्पासारखा कार्प. सगळे सारखेच दिसतात."

"सारखे?" लुबोश उसळून म्हणाला. "आजी, बघा तरी नीट! याची मिशी बघा. ही पाठीवरची ओळ बघा. हा बघतो कसा ते बघा, आधी उजवा डोळा, मग डावा. असा दुसरा आहे का कुठे? अहो, याला चेहरा आहे!"

हे आपणच बोललो, हे कळायला त्याला एक क्षण लागला.  म्हातारीने टबात हात घालून लाटणं काढलं, लुबोशच्याच ॲप्रनला पुसलं, आणि नातवाला म्हणाली, "टब आण. आणि तो गॅस बंद कर आधी."

सिरिल त्या संध्याकाळी लुबोशच्या तळघरात गेला, बटाट्यांच्या पिंपात, शेजारी चौकातून आणलेला हवेचा पंप घुरघुरत. लुबोशने बटाटे सगळे जिन्यात ओतले होते; हे दोन दिवसांआधी कोणालाच सुचलं नव्हतं. सहा वाजता फोन आला.

"काय म्हणतोय?"

"बरा आहे," लुबोश म्हणाला. तळ्याचं सांगायला त्याची जीभ रेटली नाही.

"मी उद्या येतोय. सकाळच्या बसने. चालत."

तेवीस तारखेच्या सकाळी चौकात रांग कारंज्याला वळसा घालून चर्चच्या पायऱ्यांपर्यंत गेली होती. लुबोशला ठरल्याप्रमाणे म्हातारीकडे पोचवायच्या दोन कार्पांपासून सुरुवात करायची होती. त्याने जाळीने एक उचलला, ओट्यावर ठेवला, मोगरी वर केली.

माशाने कल्ले हलवले. त्याच्या नाकाडावर पांढरा ठिपका होता, पिठाचं बोट लागल्यासारखा.

लुबोशने तो परत टाकीत सोडला आणि दुसरा उचलला. दुसऱ्याची शेपटी आखूड होती. तिसरा तोंड सारखं उघडझाप करत होता, श्रीमती व्होंद्राच्कोवासारखा. चौथ्याला तर दोन्ही डोळ्यांत वेगवेगळा भाव. लुबोशला घाम फुटला, उणे सात अंशांत.

"काय रे, लुबोश," रांगेतून कोणीतरी ओरडलं, "ओळख करून घेतोयस का सगळ्यांशी?"

"अहो, लग्नाला मुलगी बघतायत ते, घाई करू नका!"

सगळा चौक हसला. पहिली उभी होती ती शाळेतली कोउब्कोवाबाई, पिशवी उघडून. "मला कुठलाही चालेल हो," ती समजुतीने म्हणाली. कुठलाही! लुबोशने मोगरी उचलली, खाली आणली, पुन्हा उचलली. हात त्याचाच होता, पण ऐकत नव्हता. ब्लांकाने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि काट्यावरचं वजन उतरवून ठेवलं.

एवढ्यात बस आली. तिच्यातून आधी एक कुबडी उतरली, मग दुसरी, मग ओटाकर. थांब्यावर वाट बघत असलेली यार्मिला बॅग घेऊन मागे. तो कारंज्याच्या फळ्यांना वळसा घालून, रांगेच्या कडेकडेने, एकेक पाऊल मोजत स्टॉलपाशी आला. कोणी हात द्यायला पुढे झालं तर मानेनेच नको म्हणाला.

"दाजी, तळं माझ्या हातून फुटलं," लुबोश एका दमात म्हणाला. "मी नववं कलम मोडलं. सिरिल माझ्या तळघरात आहे. जिवंत आहे."

"कळलं. बसमध्ये श्रीमती व्होंद्राच्कोवाची बहीण होती." ओटाकरने रांगेकडे पाहिलं, ओट्यावरच्या माशाकडे पाहिलं, मग लुबोशच्या हवेत अडकलेल्या हाताकडे. सात वर्षांचं उसनं फेडायची याहून चांगली वेळ आली नसती. चौक सगळा कान देऊन उभा होता, आता हा काय टोला हाणतो म्हणून.

ओटाकर पुढे वाकला आणि अगदी हळू आवाजात त्याने विचारलं, "कुठल्यापाशी अडलंय?"

लुबोशने टाकीत पाहिलं. "सगळ्यांपाशी."

ओटाकरने मान डोलावली. एक कुबडी स्टॉलच्या आकड्याला अडकवली, लुबोशच्या हातातली मोगरी काढून घेतली आणि ओट्याखाली ठेवली.

"आज मासे जिवंतच मिळतील!" त्याने रांगेला सांगितलं. "पिशवीत पाणी घालून देऊ. कोणी भांडं आणायचं असेल तर घरी जाऊन या, आम्ही थांबतो."

"आणि मारायचा कोणी?" मागून कोणीतरी ओरडलं.

"ज्याला खायचाय त्याने."

रांगेत कुरबुर झाली, दोघंतिघं रागाने निघून गेली, बाकीच्यांत कोणी हसलं, कोणी पिशवी बदलायला पळालं. कोउब्कोवाबाई मात्र जागची हलली नाही. लुबोशने पिशवीत पाणी भरलं, नाकाडावर ठिपका असलेला तो मासा दोन्ही हातांनी अलगद आत सोडला, आणि पिशवी तिच्या हातात दिली.

"जपून न्या, बाई," तो म्हणाला.